एक्क्याण्णवचे अवयव

उतारवयात माणसानं तीन गोष्टी टाळाव्यात असं माझं अनुभवाचं मत आहे. स्टुलावर चढून पंखा पुसणं, लग्नात आग्रहाला बळी पडून पाचवी जिलबी खाणं आणि नातवाला गणित शिकवणं. पहिलीत हाड जातं, दुसरीत पोट जातं आणि तिसरीत अब्रू जाते. हाडाला प्लॅस्टर असतं, पोटाला ओवा असतो. अब्रूवर अजून औषध निघालेलं नाही.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे शब्दकोड्यातला एक आडवा शब्द अडवून बसलो होतो. एवढ्यात सहावीतले आमचे चिरंजीव नातू वही घेऊन आले.

"आजोबा, नाइंटी-वनचे प्राइम फॅक्टर्स काय?"

"त्याला अवयव पाडणे म्हणतात," मी म्हटलं. आपण उत्तर देण्यापूर्वी परिभाषा दुरुस्त केली की विचार करायला जरा वेळ मिळतो, ही युक्ती मी कचेरीत छत्तीस वर्षं वापरली आहे.

"अवयव? म्हणजे हातपाय?"

"हातपाय तोडतात. अवयव पाडतात. मोठी संख्या लहान संख्यांत फोडायची, त्या आणखी लहानात फोडायच्या, आणि ज्या काही केल्या फुटत नाहीत त्या मूळ संख्या. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. संपलं."

"ते येतं मला. नाइंटी-वनचे सांगा."

मी डोळे मिटले. एक्क्याण्णव. विषम, म्हणजे दोननं जात नाही. अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीननं जात नाही. शेवटी शून्य नाही, पाच नाही. त्या आकड्याचा चेहराच असा आहे की, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, आपल्या खोलीत एकटा राहणारा, संध्याकाळी दूध आणायला तेवढा बाहेर पडणारा गृहस्थ वाटावा. मी डोळे उघडून निकाल दिला, "एक्क्याण्णव ही मूळ संख्या आहे. हिचे अवयव पडत नाहीत. लिही."

त्यानं लिहिलं नाही. माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं आणि म्हणाला, "थर्टीन सेव्हन्स आर?"

मी मनात तेराचा पाढा सुरू केला. तेरा साती... एक्क्याण्णव!

आता खरं सांगतो, मी तीसपर्यंतचे पाढे पाठ असलेला माणूस आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मास्तरांची छडी खाल्लेली नाही एवढंच मी म्हणेन. झोपेतून उठवून "तेरा साती?" असं विचारलं असतं तरी मी "एक्क्याण्णव" म्हणून कूस बदलली असती. पण साठ-पासष्ट वर्षांत कुणीही मला झोपेतून उठवून "एक्क्याण्णव म्हणजे काय?" असं विचारलं नव्हतं. पाढा पुढे पळतो. त्याला मागे चालता येत नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा नसून सगळ्या मनुष्यजातीचा आहे, हे मला मागाहून कळलं, तेव्हा फार बरं वाटलं. आमच्या बागेतल्या बाकावर गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक बसतात. त्यांना प्रसिद्धी आवडत नाही, म्हणून नाव सांगत नाही. झाला प्रकार मी त्यांच्या कानावर घातला. ते म्हणाले, "अहो, दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं यंत्राला चुटकीसरशी जमतं. पण नुसता गुणाकार हातात देऊन 'या कुठल्या दोन होत्या?' असं विचारलं, तर भली भली यंत्रं घाम गाळतात. याच अडचणीवर १९७७ साली अमेरिकेतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक कुलूप तयार केलं. कुलूप लावायची रीत जगजाहीर. उघडायचं तर अवयव पाडता आले पाहिजेत. त्यांनी एकशे एकोणतीस आकडी संख्या जाहीर करून 'फोडा' म्हणून आव्हान दिलं. फुटली केव्हा? १९९४ मध्ये! तीसुद्धा सहाशेएक माणसांनी आपापले संगणक जुंपले तेव्हा."

मी म्हटलं, "म्हणजे कुलूप फुटतं तर."

"फुटतं हो. पण तोवर आतला निरोप शिळा झालेला असतो. न फुटणारं कुलूप कुणी मागितलंय? फोडणाऱ्याचा धीर सुटेल एवढं टिकलं की पुरे."

मला आमच्या चाळीतल्या संडासाच्या कडीची आठवण झाली. तिचंही तत्त्व हेच होतं.

प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला जन्मभर पुरेल. मर्सेन नावाच्या एका फ्रेंच साधूनं १६४४ साली लिहून ठेवलं होतं की, दोनचा सदुसष्टावा घात घ्या, त्यातून एक वजा करा, येते ती मूळ संख्या. एकवीस आकडी आहे. साधूचा शब्द, कोण मोडणार? दोनशे बत्तीस वर्षांनी, १८७६ मध्ये, ल्यूका नावाच्या गणित्यानं सिद्ध केलं की ही मूळ नाही. हिचे अवयव पडतात. पण गंमत अशी की, कोणते पडतात ते त्यालाही सांगता येईना. 'काहीतरी आहे खास, पण काय ते विचारू नका.' माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या सासूबाईंचं माझ्याबद्दल नेमकं हेच मत होतं.

पुढे १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणित्यांची सभा भरली. तिथे कोल नावाचे प्राध्यापक फळ्याजवळ गेले. एक शब्द न बोलता त्यांनी दोनचा सदुसष्टावा घात हातानं काढला, एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ ही संख्या ७,६१,८३,८२,५७,२८७ या संख्येनं गुणली. दोन्हीकडे एकच उत्तर आलं. कोलसाहेब तसेच न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं नंतर कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

तीन वर्षांचे रविवार! मी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा आमची ही म्हणाली, "त्यांच्या बायकोचं नाव काय होतं?" मला सांगता येईना. "तेच तर," असं म्हणून ती भाजी निवडायला निघून गेली.

पण माझ्या मनात राहिला तो वेगळाच मुद्दा. एका मुक्या, निरुपद्रवी संख्येचे अवयव पाडायला विद्वान माणसानं तीन वर्षांचे रविवार घातले. आणि आपण माणसाचे अवयव किती वेळात पाडतो? जिन्यात भेट झाल्यापासून दार लावेपर्यंत. "तो? तो म्हणजे काय, बापाचा पैसा गुणिले सासऱ्याचा वशिला." संपलं. "ती ना? आजोळचा ताठा आणि माहेरचं नाक." लग्न जमवताना तर छत्तीस गुणांचा छापील तक्ताच असतो. छत्तीस म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले तीन, हे पत्रिका बघणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, अठरा जमले की मुलगी दाखवतात.

या कामात मी पटाईत होतो हे कबूल केलं पाहिजे. कचेरीत नवा साहेब आला की डबा खाण्याच्या सुट्टीपर्यंत मी त्याचे अवयव पाडून सहकाऱ्यांना वाटून मोकळा होत असे. आणि सगळ्यांत नेटके अवयव मी पाडून ठेवले होते ते आमच्या थोरल्या भावाचे. दादा म्हणजे हट्ट गुणिले हिशेबीपणा गुणिले हिशेबीपणा. हिशेबीपणा दोनदा, कारण तो वर्गात होता.

कारण झालं एक झोपाळा. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात शिसवी फळीचा, पितळी कड्यांचा झोपाळा होता. १९९९ मध्ये आई गेली. २००१ मध्ये घर विकलं. भांडीकुंडी, कपाटं, पाट, परात सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली. झोपाळ्यापाशी आलो आणि दादा म्हणाला, "हा आईनं मला दिलाय." आता आईनं तो मला दिला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या तोंडून ऐकलं होतं. मी तसं म्हटलं. दादा म्हणाला, "आईच्या माघारी खोटं बोलतोस?" मी म्हटलं, "मी की तू?" टेम्पो त्याचा होता, झोपाळा टेम्पोत गेला.

तेव्हापासून आम्ही लग्नामुंजीत भेटत होतो, पण दादा मला 'तुम्ही' म्हणू लागला. ज्यानं खांद्यावर बसवून यात्रा दाखवली, तो मांडवात पुढे येऊन "जेवलात का तुम्ही?" असं विचारतो, तेव्हा काय होतं ते मराठी माणसालाच कळेल. शिवी परवडली.

मी प्राध्यापकांना म्हटलं, "संख्येचं बरं आहे. फोडली, अवयव पुन्हा गुणले, ताळा जुळला, झालं. माणसाचा ताळा कसा घ्यायचा? मी हट्ट आणि हिशेबीपणा कितीही वेळा गुणला तरी मला यात्रा दाखवणारा दादा त्यातून येत नाही. मग माझे अवयव चुकले म्हणायचे का? आणि त्यानं माझे जे पाडले असतील, ते बरोबर? युक्लिडपासून तुमचे लोक सांगताहेत ना की, कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारचे पडतात?"

"युक्लिडनं पाया घातला. नीट मांडून सिद्ध केलं ते गाउसनं, १८०१ मध्ये," ते म्हणाले. "साठचे अवयव तुम्ही पाडा, मी पाडतो. क्रम वेगळा असेल, पण दोन दोनदा, तीन एकदा, पाच एकदा, हेच दोघांचं उत्तर. एवढ्याचसाठी बिचाऱ्या एकला मूळ संख्येत घेत नाहीत. त्याला घेतलं तर तो हव्या तितक्या वेळा येऊन बसेल."

लग्नपत्रिकेतल्या 'आणि समस्त आप्तेष्ट' सारखा, हे माझ्या लक्षात आलं. कितीही लिहा, जेवणाच्या पानांत फरक पडत नाही.

"पण," प्राध्यापक पुढे म्हणाले, आणि त्यांनी छत्रीच्या टोकानं मातीत लिहायला सुरुवात केली, "असं समजा, एक गाव आहे. त्या गावात चारनं भागल्यावर एक उरतो अशाच संख्या राहतात. एक, पाच, नऊ, तेरा, सतरा, एकवीस, असे. बाकीच्यांना गावबंदी. हिल्बर्ट या जर्मन गणित्याच्या नावानं या संख्या ओळखल्या जातात. गावातल्या कुठल्याही दोघांचा गुणाकार गावातच राहतो, तेव्हा संसार अगदी व्यवस्थित. आता या गावात नऊचे अवयव पाडा."

"तीन त्रिक नऊ."

"तीन गावात नाहीच! म्हणून तिथे नऊ फुटत नाही. एकवीस फुटत नाही, कारण तीनही नाही आणि सातही नाही. एकोणपन्नासचंही तेच. आता चारशे एक्केचाळीस घ्या. एकजण म्हणतो, एकवीस गुणिले एकवीस. बरोबर आहे?"

"बरोबर."

"दुसरा म्हणतो, नऊ गुणिले एकोणपन्नास."

मी हिशेब केला. तेही बरोबर!

"दोघांचेही ताळे जुळतात, दोघांचेही अवयव गावाच्या हिशेबानं न फुटणारे, आणि दोघांचा एकमेकांशी मेळ नाही. दोघंही जन्मभर भांडतील आणि दोघंही खरे असतील. का? तर तीन आणि सात गावाबाहेर आहेत. ते दिसले असते तर भांडण मिटलं असतं. दोन तीन आणि दोन सात. एकानं जोड्या अशा लावल्या, दुसऱ्यानं तशा."

मी बराच वेळ त्या मातीतल्या आकड्यांकडे बघत बसलो. मग घरी येऊन पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या साताऱ्याच्या एसटीत बसलो. आमची ही "अचानक कुठे?" म्हणाली. मी म्हटलं, "तीन आणि सात कुठे राहतात ते बघून येतो." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दादानं दार उघडलं. एकोणऐंशीचा झालाय. मी काय बोलायचं ते खंबाटकी घाटापासून पाठ करत होतो, पण तोच म्हणाला, "ये. चपला आत घे, कुत्रं नेतं."

'ये' म्हणाला! अर्धं काम तिथेच झालं.

मी बसलो आणि इकडेतिकडे बघत राहिलो. शेवटी विचारलंच, "झोपाळा कुठाय?"

दादानं माळ्याकडे बोट दाखवलं. जुन्या सतरंजीत गुंडाळलेली फळी, शेजारी पिशवीत कड्या. अक्षरशः अवयव पाडून ठेवलेला.

"लावला नाहीस?"

"कुठे लावू? बिल्डरनं स्लॅबला हूक ठेवले नाहीत. भोकं पाडू म्हटलं तर वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आमची फरशी हलेल."

वीस-बावीस वर्षं माझ्या मनात दादा रोज संध्याकाळी त्या झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. पायानं हलकेच रेटा देत होता. कड्यांचा आवाजसुद्धा मला पुण्यात ऐकू यायचा. आणि इथे झोपाळा माळ्यावर धूळ खात पडलेला!

मी म्हटलं, "दादा, भांडायला आलो नाही. एकच सांग, आईनं तुला दिला तो केव्हा?"

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री. म्हणाली, झोपाळा तुलाच हो. धाकट्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. "मला पट्टी सोडली त्या दिवशी सांगितलं. झोपाळा तुलाच हो. दादाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

दोघंही एकमेकांकडे बघत असताना स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "मलाही सांगितलं होतं, भावजी. सूनबाई, झोपाळा तुझाच हो. मी कधी बोलले नाही. म्हटलं, यांना वाईट वाटेल."

मी पुण्याला फोन लावला. आमची ही म्हणाली, "हो तर! मलासुद्धा सांगितलं होतं. त्यात काय एवढं विचारायचं?"

आता आली का पंचाईत? घरात झोपाळा एक आणि माणसं चार. भागाकार होत नाही हे आईला कळलं असणार, म्हणून तिनं गुणाकार केला. एका झोपाळ्याला चौघांनी गुणलं आणि प्रत्येकाच्या हातात अख्खा झोपाळा ठेवून ती निघून गेली. आई खोटं बोलली का? बोलली. त्या खोट्यानं दोन सख्ख्या भावांची वीस-बावीस वर्षं खाल्ली, हेही खरं. ते कुठल्याही मायेच्या पदरानं झाकता येणार नाही. पण ती चौघांपैकी कुणालाही 'तुला नाही' असं म्हणू शकली नाही, हेही तितकंच खरं. माझ्या सवयीप्रमाणे मी मनात मांडायला सुरुवात केली, आई म्हणजे माया गुणिले भित्रेपणा गुणिले... आणि तिथेच थांबलो. तीन वर्षांचे रविवार माझ्याजवळ आता आहेत की नाहीत कुणास ठाऊक. आणि ताळा घ्यायला आई कुठाय?

एक मात्र नक्की. दादा खोटं बोलत नव्हता. मीही नव्हतो. आम्ही दोघं त्या गावात राहत होतो, एवढंच.

दुपारी आम्ही झोपाळा माळ्यावरून उतरवला. म्हणजे शेजारच्या मुलानं उतरवला, आम्ही खालून सूचना दिल्या. टांगायला जागा तिथेही नाही, पुण्यातही नाही. तेव्हा दादानं फळी सरळ जमिनीवर टाकली आणि आम्ही दोघं तिच्यावर मांडी घालून बसलो. वहिनींनी चिंच आणून दिली. एक कडी त्यानं घेतली, एक मी.

संध्याकाळी नातवाचा व्हिडिओवर फोन आला. दादाआजोबांना बघून त्याला फार मजा वाटली. लगेच परीक्षा सुरू.

"दादाआजोबा, वन फोर्टी-थ्रीचे फॅक्टर्स?"

"एकशे त्रेचाळीस?" दादानं क्षणभर डोळे मिटले. चेहऱ्यावर तोच आत्मविश्वास, तीच छडी खाल्लेल्या पिढीची ऐट. "मूळ संख्या आहे ती. लिही!"

अकरा गुणिले तेरा. गेला महिनाभर मी दुसरं काय करत होतो? नातवानं पडद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. मग मान खाली घालून चिंचेनं कडी घासत राहिलो.